पडद्यामागची दुसरी सिस्टिम

कोणतीही नवी गोष्ट आधी खोटी करून पाहावी. खोटी नीट चालली की खरी आणायची गरजच उरत नाही आणि पुढचा सगळा मनस्ताप वाचतो. हे तत्त्व नंतर देशात पुष्कळ ठिकाणी वापरलं गेलं. पण १९८७ साली ते आंधळगावात सिद्ध झालं, याची कुणी दखल घेतली नाही.

वासुदेवरावांचं नाटक मंडळ होतं. मंडईचा, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांतल्या नाटकांचा, मोसम संपला की मंडळ बसायचं आणि मंडळातली माणसंही बसायची. अशाच एका रिकाम्या उन्हाळ्यात त्यांनी नागपूरहून संगणकाचं माहितीपत्रक आणलं. त्यात छापलं होतं : 'ऑपरेटिंग सिस्टिम संगणकाच्या आत राहून सर्व कारभार चालवते आणि पडद्यावर प्रॉम्प्ट देते.' वासुदेवराव ताडकन उठले. पडदा त्यांच्याकडे होता. प्रॉम्प्टरही होता.

प्रॉम्प्टर म्हणजे तेजराम. विंगेत बसून राजाला आणि राक्षसाला शब्द पुरवण्यात त्याची हयात गेली होती. आता नाटकातल्या राजवाड्याची खिडकी प्लायवूडच्या खोक्याला ठोकली, सोड्याच्या बाटल्यांची बुचं ठोकून कळा केल्या आणि आत स्टुलावर तेजरामला बसवलं. झालं संगणक शिकवणीचं केंद्र तयार. विद्यार्थी कळ दाबे आणि अक्षर मोठ्यानं म्हणे (कळेला तार नव्हती). तेजराम खोक्याच्या भोकातून पाहून पाटीवर उत्तर लिही आणि पाटी खिडकीत धरी. वीज गेली तरी चालणारा असा संगणक मुंबईतसुद्धा नव्हता. दुपारी त्याला घाम यायचा, एवढा एकच तांत्रिक दोष. केंद्राच्या पाहणीनुसार शेकडा नव्वद विद्यार्थी संगणकावर समाधानी होते. उरलेले दहा तेजरामला ओळखत होते.

तेजराम माहितीपत्रकात असेल तेवढंच लिही. नसेल तर लिही : 'माहीत नाही.' पोथीत नाही ते ओठावर आणायचं नाही, हा त्याचा धर्मच होता बिचाऱ्याचा.

पण मोहाडीच्या बाजारात वासुदेवरावांना कुणीतरी सांगितलं, की सरकारी मान्यता पाहिजे तर दोन सिस्टिमी लागतात. राजवाड्याला खिडकी एकच. तेव्हा असं ठरलं की दुसरी सिस्टिम पहिलीच्याच खोक्यात, पहिलीला धक्का न लावता, केवळ प्रायोगिक तत्त्वावर बसवावी. जमलं तर ठीक. नाही जमलं तर ती उठून घरी जाईल.

दुसरी सिस्टिम म्हणजे मंडळाची नायिका लीलाबाई. तिला अक्षरओळख नव्हती, पण रंगभूमीचा एक नियम ती कोळून प्यायली होती : शब्द आठवला नाही तर थांबायचं नाही, ठोकून द्यायचं, टाळी येतेच. तिनं उत्तर सांगायचं आणि तेजरामनं लिहायचं, अशी अंतर्गत रचना होती.

"मान्यता भेटली का एकालेच ठेवतीन," तेजराम घरी बायकोला, रुखमाला म्हणाला. "मले काढलं तं उन्हाळाभर खाऊ काय?"

रुखमा म्हणाली, "मंग जे इचारतीन त्याचं धड उत्तर देत जा नं बाप्पा!"

जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. त्यांनी बुचं दाबून पाहिली, समाधानानं मान हलवली आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "आमची बदली कुठे होणार?"

पाटी आली : 'माहीत नाही.'

"ही सिस्टिम फार जुनाट आहे," साहेब म्हणाले. "दुसरी लावा."

वासुदेवरावांनी खिडकीवर टिचकी मारली.

"लिवा तेजरामभाऊ," आत लीलाबाई कुजबुजली. "दिवाळीच्या आत, पुण्याले."

"तुमाले कसं मालूम?"

"मले काय मालूम! भोकातून त्याचं तोंड तं पाहा, किती आशेनं पाहून राहिला. लिवा!"

आयुष्यात पहिल्यांदा तेजरामला खडू जड झाला. त्याला लाज वाटली, रुखमाची आठवण झाली, आणि त्यानं वळणदार अक्षरात पुणं लिहिलं.

मान्यता जागच्या जागी मिळाली. शेरा असा : 'दुसरी सिस्टिम अत्यंत हुशार. पहिली काढून टाकावी.' त्याप्रमाणे तेजरामचं नाव हजेरीतून काढलं. मात्र त्याच्याशिवाय दुसरी सिस्टिम एक अक्षर लिहीना. म्हणून तो रोज येऊन बसू लागला.

"काम सुटलं म्हंते?" रुखमानं विचारलं.

"सुटलं नाही. मीच नाही आता. पण रोज जाऊन राहिलो."

दिवाळीच्या आत साहेबांची बदली झाली, पुण्याच्या नेमक्या उलट दिशेला. साहेबांनी तक्रार केली नाही. अक्षरं म्हणताना आपलंच काही चुकलं असेल, असं त्यांनी मानलं. केंद्रासमोर रांगा लागल्या. लग्न, निकाल, धानाचा भाव, सगळ्याला उत्तर मिळे. कुणी रिकाम्या हातानं गेला नाही.

आता तुमचा प्रश्न आलाच आहे : आंधळगावात असा संगणक खरंच होता का? तेजरामनं पाटीवर लिहिलं, 'माहीत नाही.' लीलाबाईनं ते पुसायला लावून सांगितलं, "लिवा, होता म्हणून. अजून चालू आहे म्हणून." दोन्ही पाट्या तुम्ही पाहिल्यात. कोणती आवडली ते बोलू नका. भोकातून तुमचं तोंड दिसून राहिलं आहे.