मखनाकाकूंचा बहिरा दिवस

आमच्या मखनाकाकूंना वर्षातून एकच दिवस कमी ऐकू यायचं. एरवी त्यांचे कान इतके तिखट, की दोन घरं पलीकडे कोणी साखरेचा डबा उघडला तरी इकडून आवाज जायचा, "चहा मांडून राह्यली का वं?" पण अकोल्याच्या पोलीस कचेरीत परवान्याची मुदत वाढवायला गेल्या, की काकू ठार बहिऱ्या. परतीच्या एसटीत बसल्या की कान पुन्हा ठणठणीत.

परवाना कसला, ते सांगतो. काकू कामरगावात माझ्या भिंतीला भिंत लावून राहायच्या, पण सरकारच्या लेखी त्या परदेशी होत्या, म्हणून इथं राहायला परवाना लागायचा. मूळच्या ब्रह्मदेशातल्या, लेपदान गावच्या. आमच्या वस्तीतले दगडूजी तरुणपणी पोटासाठी तिकडे गेले, भाताच्या गिरणीत इंजिनावर लागले आणि मा खिन नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळे झाले. पुढे तिकडचं सरकार बदललं, हिंदी लोकांचं बस्तान उठलं, तेव्हा दगडूजी बायकोला घेऊन गावी परतले. गावानं 'मा खिन'चं चार दिवसांत 'मखना' करून टाकलं. दगडूजी गेले तेव्हा वस्तीचा धर्म वेगळा होता. आले तर सगळी वस्ती बौद्ध झालेली, म्हणजे बायकोच्याच धर्माची. काकू ऐटीत म्हणायच्या, "मी याच्या आंधी तुमी सुधरले, हे बरं केलं."

विहारात वंदनेला सगळे 'सरणं' म्हणायचे आणि काकू खणखणीत आवाजात 'थरणं'. तिकडे तसंच म्हणतात म्हणे. कोणी टोकलं तर त्या उलट त्यालाच झापायच्या, "मी पाळन्यात होती तवापासून म्हनून राह्यली. तुमी त कालचे."

कवठाच्या झाडाची साल सहाणेवर उगाळून ती त्या गालांना फासायच्या. पहिल्या वर्षी बायका पदराआड हसल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच बायका वाटी घेऊन काकूंच्या दारात उभ्या होत्या, कारण उन्हानं काकूंचे गाल कधी करपलेच नाहीत.

दगडूजी वारले आणि काकू एकट्या राहिल्या. मूलबाळ नव्हतं. गळ्यात एक मेणकापडाची पिशवी असायची आणि तिच्यात ते परवान्याचं कार्ड: फोटो, अंगठा, शिक्क्यांवर शिक्के. कंडक्टरनं तिकीट मागितलं तरी काकू आधी कार्ड दाखवायच्या. पोलिसांचे प्रश्न त्यांना इतके पाठ झाले होते, की गावात आलेल्या कुठल्याही पाहुण्याला त्या चौकात अडवायच्या. "कोनाच्या घरी उतरला? किती दिवस मुक्काम? वापस कवा जानार?" माझा मेहुणा एकदा इतका घाबरला, की संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. त्याबद्दल मी काकूंचा आजही ऋणी आहे.

शेजारच्या घरात इंझोरी गावची सून आली, तेव्हा काकूंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, "तूबी माह्यासारखी परदेशीच हायेस वं. फरक एवढाच, तुले माहेरी जाले विसा लागत नाही. तं जात जाय." दर दिवाळीला सून माहेरी निघाली की काकू बसथांब्यापर्यंत तिची पिशवी धरून जायच्या आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथंच उभ्या राहायच्या.

मी एकदा विचारलं, "काकू, तुम्ही का नाही जाऊन येत?"

"सात दिवसाचा विसा देतेत म्हने," काकू म्हणाल्या. "सात दिवसात का होते, मास्तर? तीन दिवस त रडाले पायजेत."

त्यांना अकोल्याला नेण्याचं काम दगडूजींच्या पश्चात माझ्याकडे आलं. आमचा जिल्हा तेव्हा अकोलाच. त्या दिवशी काकू नवं लुगडं नेसायच्या, गालावर साल ताजी उगाळायच्या आणि लग्नाला निघाल्यासारख्या गाडीत बसायच्या. कचेरीत पद्धत अशी, की जमादार कार्डावरचा मजकूर मोठ्यानं वाचणार आणि परदेशी माणसानं 'बरोबर' म्हणायचं.

"नाव, मा खिन. बापाचं नाव, ऊ तुन. जन्मगाव, लेपदान. बरोबर?"

काकूंचा हात कानामागे. "का म्हनलं बाप्पा?"

जमादार आवाज चढवायचा. काकू पुन्हा, "आयकू नाही येत. अजून एक डाव म्हन न." तिसऱ्यांदा तो असा ओरडायचा की बाहेर सायकली लावणारे शिपाई आत डोकावायचे. मग काकू हळूच मान हलवायच्या. "हाव. बरोबर हाये."

माझी दरवर्षी एक रजा यात जायची, वर बहिरेपणाचा तमाशा. मी पडलो मास्तर. दुसऱ्याचं भलं केल्याशिवाय मला चैन पडत नाही. हिंदी माणसाची बायको म्हणून काकूंना इथलं नागरिकत्व मिळतं, असं कळल्यावर मी खटपटीला लागलो. काकू टाळत होत्या. एका साली म्हणाल्या, तब्येत बरी नाही. दुसऱ्या साली म्हणाल्या, "ह्या कार्डावरचा फोटो चांगला आला. दुसरा असा येनार नाही." तरी मी नेटानं सगळं जुळवून आणलं आणि त्या वर्षी फक्त काकूंची सही बाकी राहिली.

कचेरीतल्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. "करा सही, बाई. मंजुरी आली की हे कार्ड जमा करायचं. मग तुमची कटकट संपली. पुन्हा इथं यायचं कामच नाही."

काकूंना हे पहिल्याच झटक्यात ऐकू आलं. पेन हातात धरून त्यांनी विचारलं, "मंग दरसाल हे वाचून कोन दाखवन?"

"वाचायची गरजच नाही आता."

काकूंनी पेन टेबलावर ठेवलं. "मंग राहू द्या, साहेब. मी येत जाईन."

मी चिडलो. बाहेर निंबाखालच्या बाकावर बसल्यावर चांगलाच चिडलो. म्हटलं, "काकू, माझ्या मेहनतीवर पाणी फिरवलं तुम्ही. काहून असं?"

काकूंनी कार्ड पिशवीत घातलं, नाडी आवळली. "दगडूजी होते तवर मले मा खिन म्हनत. ते गेले, आता मी मखना. माह्या बापाचं नाव गावात कोनाले मालूम हाये? लेपदान कोनाच्या तोंडात येते? सालातून एक डाव तो जमादार म्हनते. सरकारी मानूस, मोठ्यानं म्हनते. तवा मले वाटते का ते गाव हाये अजून. माह्या मनातलं नाही, खरंच हाये." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू रागावू नको. तुही रजा मी खाते, मले समजते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आम्ही परतीची एसटी धरली. खिडकीबाहेर ज्वारीची शेतं मागे जात होती आणि काकू कार्डाच्या पिशवीवर हात ठेवून बसल्या होत्या. एवढी एकटी बाई आपल्या भिंतीला भिंत लावून राहते, या विचारानं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघालो. काकू ओट्यावर बसून साल उगाळत होत्या. मी दारासमोर थांबलो आणि वर्गात हजेरी घेतो त्या आवाजात म्हणालो,

"मा खिन! ऊ तुनची लेक, लेपदानची! येतो बरं शाळेत जाऊन."

काकूंचा हात सहाणेवर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग सालीनं माखलेला तो हात हळूहळू कानामागे गेला.

"का म्हनलं रे, मास्तर? आयकू नाही आलं. अजून एक डाव म्हन न."