गायकवाड मॅडमचा बहिरा कीबोर्ड

कीबोर्डला शिव्या देणारी बाई आष्टीत एकच. गायकवाड मॅडमचा टायपिंग क्लास आणि माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान यांच्यात फक्त एक भिंत आहे, तीही पातळ. मी शटर उचलतो तोवर पलीकडून सुरू झालेलं असतं, "मुडद्या, एकदाच दाबलं ना तुला? मग दोनदा का उमटतो?" नवं गिऱ्हाईक दचकतं. मी सांगतो, घाबरू नका, कीबोर्डला बोलतायत.

मॅडमचा सगळ्यात जुना राग शिफ्टच्या बटणावर. ते दाबल्याशिवाय 'ळ' उमटत नाही, हा त्यांना अख्ख्या मराठी मुलखाचा अपमान वाटतो. "शाळा, केळी, डाळ, बाभळ! पावलोपावली ळ लागतो. अन् त्याला माडीवर कोंडून ठेवलाय! कुणी केलं हे? आणा त्याला माझ्यासमोर!" तो माणूस अजून सापडलेला नाही, म्हणून मॅडम क्लासमधल्या मुलांवर भागवतात. स्वल्पविराम राहिला तर त्या असा थयथयाट करतात, की एका पोरीने भीतीपोटी प्रत्येक शब्दामागे स्वल्पविराम देऊन ठेवला होता.

त्यांचे यजमान गायकवाड सर, निवृत्त शिक्षक. आवाज इतका मऊ, की त्यांचा "जय भीम, सलीम" मला कधी कधी दुसऱ्यांदा ऐकावा लागतो. मुलांना टाईप करायला रोज एक नवा उतारा लिहून देणं हे सरांचं काम. छापील पुस्तकातल्या उताऱ्यांत नुसतं 'महोदय' आणि 'सविनय'. सरांच्या उताऱ्यात बाजारात शेळी हरवलेली म्हातारी असायची, नाहीतर वरातीत बंद पडलेला टमटम. पोरं वेग विसरून वाचत बसायची. मॅडम कडाडायच्या, "परीक्षेला शेळी येणार हाय का?" पण उताऱ्याच्या प्रती त्याच काढायच्या.

मग सरांच्या टेबलावरचा कीबोर्ड बिघडला. 'शेळी'ची 'शशेळळी' होऊ लागली. मी बदलून दिला. नव्यावरही तेच. तिसऱ्यावरही तेच. तिन्ही माझ्या दुकानात लावून पाहिले, ठणठणीत चालले. तसं सांगायला गेलो तर मॅडम दारातच अंगावर आल्या.

"तुला लई कळतंय? कीबोर्डच खराब हायती! बनवणारेच चोर हायती!"

सर खुर्चीत मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "जाऊ दे वत्सला. उतारे आता तूच देत जा."

"न्हाई देणार!" मॅडम अशा ओरडल्या, की आतली खटखट एकदम थांबली.

सुटका करून घ्यायला मी बोलून गेलो, "मॅडम, एक वेगळा कीबोर्ड मिळतो. प्रत्येक कीबोर्डच्या पोटात एक चिप असते आणि बटण दाबल्यावर काय करायचं ते चिपमधला प्रोग्राम ठरवतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. या कीबोर्डचं फर्मवेअर सगळ्यांना खुलं आहे. उतरवून घ्यायचं, हवं तसं बदलायचं, परत आत भरायचं."

"म्हंजे मला त्याला वळण लावता येईल?"

"येईल, पण सगळं इंग्रजीत..."

"मागव."

कीबोर्ड आला आणि माझ्या दुकानात लढाई सुरू झाली. दुपारी क्लास सुटला की मॅडम चष्मा पुसत माझ्या खुर्चीवर बसायच्या. मी स्टुलावर. कॅप्स लॉकच्या जागी 'ळ' आणायचा, एवढं पहिलं काम. बटणांची मांडणी लिहिलेली फाईल त्यांनी बदलली, प्रोग्राम तयार करायला लावला, आणि पडदा चुकांच्या सूचनांनी लालभडक झाला.

"हा मला ओरडतो? मला?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्या पडद्याशी भांडत असताना मला चूक दिसली. एका ओळीत स्वल्पविराम राहिला होता. सांगावं की नाही, हेच कळेना. शेवटी नुसतं बोट ठेवलं. मॅडमनी चष्मा सारखा करून ती ओळ वाचली. मग स्वतःच्याच हातावर चापट मारून म्हणाल्या, "गाढव."

प्रोग्राम तयार झाला, चिपमध्ये भरला, आणि कीबोर्ड गप्प झाला. एकही बटण चालेना. "मारलास त्याला!" म्हणून मॅडमनी माझा उद्धार केला. कीबोर्डच्या पाठीवर एक बारीक बटण होतं. ते दाबून पुन्हा भरलं, तेव्हा जिवंत झाला. शिफ्टशिवाय 'ळ' उमटला. मॅडमनी अख्खी ओळ भरून ळ काढले. मला वाटलं, संपलं.

"आता ह्याला बहिरा कर," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बटण एकदा दाबलं, की तेच लगेच परत दाबलं तरी त्यानं ऐकायचं न्हाई."

तशी सोय फर्मवेअरमध्ये होती. किती वेळ ऐकायचं नाही, तो एक आकडा वाढवायचा. तो वाढवल्यावर मॅडमनी उजवा हात बटणांवर ठेवला आणि मुद्दाम थरथरवला. बारीक, न थांबता, अंगठ्यापासून मनगटापर्यंत. कुणाचा तरी हात किती हलतो ते रोज नीट बघून पाठ केल्यासारखा. "अजून थोडा वाढव," म्हणाल्या. आवाज अगदी खाली होता. मी पडद्यावरून मान वर केली नाही.

आकडा जमला. कीबोर्ड सरांच्या टेबलावर लागला. दोन दिवसांनी नीट चालतोय का बघायला गेलो, तर सरांनी अर्धं पान लिहून ठेवलं होतं. विहिरीत पडलेल्या मोबाईलची गोष्ट. एकही अक्षर दुहेरी नव्हतं. आतून मॅडमचा आवाज येत होता, आधीचे कीबोर्ड कसे हरामी होते ते कुणाला तरी सांगत होत्या.

सर माझ्याकडे वाकून म्हणाले, "सलीम, कीबोर्ड चांगलेच होते रे सगळे. मला ठाऊक हाय." मग आतल्या दाराकडे बघितलं. "पण तिला सांगू नको. माझ्यासाठी लई भांडलीय ती."

मॅडम चहा घेऊन बाहेर आल्या. "काय चाललंय कुजबुज?"

"कीबोर्ड झकास आहे म्हणतायत," मी म्हणालो.

"मग! आता तरी पटलं का?"

माझा कप काठोकाठ भरलेला होता. सरांचा अर्धाच होता. तो त्यांच्या हातात देऊन मॅडम तिथंच उभ्या राहिल्या, माझ्या दुकानासमोरच्या कचऱ्यावरून मला झापत, आणि सरांचा चहा संपेपर्यंत त्यांनी सरांच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही.