मेफ्राउ बाई

शैलजा देवस्थळी आपल्या शाळेतल्या मुलांना अहो-जाहो करायच्या आणि सरकारी अधिकाऱ्यांना अरे-तुरे. चुकून नव्हे, चांगलं ठरवून.

डच भाषेतही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. 'ये' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही. लहान पोराला 'यू' म्हणणारं माणूस मात्र या देशात शोधून सापडायचं नाही. बाई म्हणायच्या. सहा वर्षांचं पोर बूट डोक्यावर ठेवून वर्गभर हिंडत असलं, तर त्याच्यासमोर उकिडव्या बसून म्हणायच्या, "आपला बूट आपण डोक्यावर घातला आहे. पायाला थंडी वाजत असेल. तुम्ही काढता, की मी मदत करू?" पोर विचारात पडायचं. पुष्कळदा बूट खाली यायचा. कधी कधी दुसराही वर जायचा.

एकदा शिक्षण खात्याचे निरीक्षक आले होते. उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. बाई दारातच म्हणाल्या, "ये रे, बस. कॉफी घेतोस?" हल्ली इथे सगळे सगळ्यांना तू म्हणतात, त्यामुळे त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण सकाळभर वर्ग बघितल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या इमारतीत 'तू' फक्त आपणच आहोत. जाताना त्यांनी भीत भीत कारण विचारलं. बाई म्हणाल्या, "तुला दिवसभर मान मिळतो. यांना कोण देतं?"

मी या शाळेत कसा आलो, ते सांगायला हवं. ॲमस्टरडॅमजवळच्या उइटहॉर्न गावात बाईंचं घर आमच्या घराला लागून. मध्ये कंबरेएवढं झुडपांचं कुंपण. मी मूळचा पुण्याचा, ॲमस्टरडॅममध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होतो. कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि मी बागेत गवत उपटत बसू लागलो. गवत संपलं तरी बसू लागलो. बाईंनी आठवडाभर पाहिलं आणि एक दिवस कुंपणावरून विचारलं, "मिलिंद, तुला किल्ल्या सांभाळता येतात का रे?"

"कसल्या किल्ल्या?"

"शाळेच्या. किल्ल्या, कॉफी आणि तुंबलेले संडास. आमचा माणूस निवृत्त झालाय."

बायको म्हणाली, जा. तिलाही मी दिवसभर घरात नको होतो.

शाळा लहान होती. ज्यांची मुलं मोठ्या शाळांत टिकत नव्हती अशा काही आईबापांनी मिळून ती काढली होती. या देशात तशी सोय आहे. पालकांनी शाळा काढायची, सरकारने ती चालवायचा खर्च द्यायचा आणि मग सारखं येऊन बघत राहायचं. जागा होती एका फुलांच्या व्यापाऱ्याची बंद पडलेली कचेरी आणि तिला जोडलेलं काचेचं हरितगृह. जिथे पूर्वी गुलाब वाढत तिथे आता मुलं उड्या मारत. बाई पहिल्यापासून मुख्याध्यापिका. तीस-एक वर्षांपूर्वी नवऱ्याच्या पीएचडीसाठी डेल्फ्टला आलेल्या वाईच्या या मुलीने इथे येऊन विशेष मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास केला आणि मग ती इथलीच झाली. मी त्यांना बाई म्हणायचो. ते ऐकून डच शिक्षकही म्हणू लागले. शेवटी खेमेंटेमधून, म्हणजे आमच्या नगरपालिकेतून, पत्रं यायची ती 'मेफ्राउ बाई' या नावाने. म्हणजे श्रीमती बाई. बाईंनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

शाळेत घंटा नव्हती. घंटेच्या आवाजाने काही मुलं कानावर हात ठेवून टेबलाखाली जात. म्हणून तास बदलला की बाई स्वतः व्हरांड्यातून फिरत आणि प्रत्येक दारात हळूच म्हणत, "चला." इतकं मराठी त्या शाळेत सगळ्यांना येत होतं. बाईंचं दुसरं आवडतं वाक्य आम्हा मोठ्यांसाठी होतं. कोणी खुर्चीत अंग टाकून सुस्कारा सोडला की म्हणायच्या, "आत्ता दमायचं नाही. सुट्टीत दमू." सुट्टीत त्या शाळेच्या भिंती रंगवायच्या आणि ब्रश धरायला मला बोलवायच्या.

मग ती साथ आली.

पंतप्रधान टीव्हीवर आले आणि शाळा बंद झाल्या. साध्या शाळांनी मुलांना लॅपटॉप दिले. आमच्यातली निम्मी मुलं लॅपटॉपवर बसत तरी, नाहीतर तो चाटून बघत. बाईंनी दोन दिवस स्क्रीनवर वर्ग घ्यायचा प्रयत्न केला. एका चौकोनात छत दिसायचं, एकात नाकपुडी, एकात कुत्रा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मारीकेच्या आईचा फोन आला. मारीके आमच्या शाळेतली पंधरा वर्षांची मुलगी. माझ्याएवढी उंच, बोलणं जवळजवळ नाहीच, पण सगळं जिथल्या तिथे आणि जेव्हाचं तेव्हा लागायचं. आई फोनवर रडत होती. "ती कोट घालून, दप्तर लावून जिन्यात बसलीय. रोज बसते. टॅक्सी येईपर्यंत उठत नाही. आणि टॅक्सी येतच नाही. कालपासून जेवलीही नाही."

आमच्या मुलांना घरून शाळेत आणायला नगरपालिकेच्या टॅक्सी व्हॅन असत. मारीकेच्या व्हॅनचे चालक सुरेश, सुरिनामहून आलेले, मूळ भारतीय वंशाचे. त्यांची पूर्वजांकडून आलेली हिंदी आणि बाईंची वाईची हिंदी यांचं फारसं जमायचं नाही. दोघं उत्साहाने सुरुवात करत आणि तिसऱ्या वाक्याला डचवर येत. बाईंनी त्यांना फोन लावला. "सुरेशभाई, गाडी निकालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन बंद शाळेच्या फाटकाशी आली. मागच्या सीटवर मारीके, कोट, दप्तर. फाटकात बाई, पिवळा रेनकोट, हातात छत्री. व्हॅनचं दार सरकलं. बाई लांबूनच म्हणाल्या, "सुप्रभात, मारीके. तुम्ही आलात, फार बरं वाटलं. आज शाळा एवढीच. चला." दार बंद झालं. व्हॅन वळून गेली. थोड्या वेळाने आईचा फोन आला. मारीकेने घरी जाऊन कोट काढला होता आणि ती जेवत होती.

बातमी पसरली. आठवड्याभरात फाटकाशी व्हॅनची रांग लागू लागली. मुलं यायची, काचेतून हात हलवायची, आपापलं सुप्रभात घ्यायची आणि परत जायची. अर्थात खेमेंटेचा फोन आलाच. मी समोरच उभा होतो. पलीकडचा माणूस म्हणत होता, की शाळा बंद असताना शाळेच्या गाड्या चालवता येत नाहीत.

"शाळा बंद आहे हे तुला कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"मेफ्राउ बाई, सगळ्याच शाळा बंद आहेत."

"फाटक उघडं आहे. बाई हजर आहे. मुलं वेळेवर येतात. मध्ये दीड मीटर अंतर आहे. शाळेला आणखी काय लागतं, सांग बरं?"

तो म्हणाला, "पण ती काही शिकत नाहीत."

"ती जेवतायत," बाई म्हणाल्या. "तू एकदा येऊन बघ. कॉफी देते."

तो खरंच आला. पावसात उभा राहिला, व्हॅनमधल्या एका पोराने त्याला जीभ दाखवली, कॉफी प्याला आणि गेला. ज्या मुलांचं घरी अवघड आहे त्यांची वेगळी सोय करायला परवानगी होती, त्या खणात त्याने आम्हाला बसवलं असावं. पुन्हा फोन आला नाही.

शाळा उघडल्या तेव्हा इतर मुलं धावत आत आली. मारीके उतरेना. तिच्या लेखी शाळा म्हणजे आता फाटक, सुप्रभात आणि घर. कोणी हाताला धरलं की ती किंचाळायची. तिची शिक्षिका रडकुंडीला आली. बाई म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. असं आपणच शिकवलंय. आता आपणच हळूहळू पुसू."

मग सुरू झालं एक विचित्र काम. बाई रोज फाटकात उभ्या राहायच्या, पण कालच्यापेक्षा जरा मागे. सुप्रभात मात्र तेवढ्याच हळू आवाजात. एक दिवस ते ऐकू आलं नाही म्हणून मारीके व्हॅनच्या दाराशी सरकली. काही दिवसांनी पायरीवर आली. मग खाली. बाई मागे मागे जात अंगणातल्या बाकापर्यंत पोचल्या, मग दारापर्यंत. मधल्या काळात मोठ्यांना मास्क आले. मुलांना चेहरे दिसेनात, म्हणून बाईंनी आपला फोटो छातीवर लावला. फोटो होता तरुणपणीच्या पासपोर्टचा, लांब वेणीचा. एका मुलाने मला दोनदा विचारलं, "त्या वेणीवाल्या बाई कधी येणार?"

त्या सकाळी पाऊस होता. बाई व्हरांड्याच्या पार टोकाला उभ्या होत्या. मारीके फाटकातून आली, अंगण ओलांडलं, दारात थांबली, पाय पुसले आणि आत येऊन आपल्या खुंटीला कोट अडकवला. टाळी वाजवायची नाही अशी आम्हा सगळ्यांना बाईंची सक्त ताकीद होती. बाई म्हणाल्या, "चला." मारीके वर्गात गेली.

थोड्या वेळाने मी कागद आणायला सामानाच्या खोलीत गेलो, तर बाई टॉयलेट पेपरच्या खोक्यावर भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. फोटोतली वेणीवाली समोर बघत होती, बाईंचे डोळे मिटलेले होते.

"बाई, बरं वाटत नाही का?"

"दमले रे," त्या म्हणाल्या. एवढंच. मी कागद न घेताच बाहेर आलो.

पुढचा हिवाळा आम्ही कसातरी ढकलला. हवा खेळती ठेवायची म्हणून खिडक्या सताड उघड्या, सगळे कोट घालून. आज ही शिक्षिका आजारी म्हणून घरी, उद्या तो शिक्षक. बाई दोन-दोन वर्ग घेत होत्या. मला सॉफ्टवेअर तपासता येत होतं म्हणून त्यांनी मला मुलांना जेवणाचं टेबल कसं मांडायचं ते शिकवायला बसवलं. आणि हिवाळा संपता संपता बाईंनाच कोविड झाला.

श्रीकांतराव, म्हणजे बाईंचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी इरा ग्रोनिंगनला, इथून दूर उत्तरेला. ती यायला निघाली तर बाईंनीच येऊ दिलं नाही. आम्ही दारात डबा ठेवायचो, बेल वाजवून मागे व्हायचो. बाई दार उघडून डबा उचलायच्या आणि हात हलवायच्या. काही दिवस नुसतंच दार उघडायचं, हात दिसायचा. एक दिवस तोही दिसला नाही, तेव्हा मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर घरी येऊन गेले. इस्पितळात न्यायला लागलं नाही, थोडक्यात निभावलं.

पुढे बाई शाळेत परतल्या, अर्ध्या दिवसासाठी का होईना. वर्षभराने निवृत्तही झाल्या. शाळा चालू आहे, घंटा अजून नाही आणि नव्या मुख्याध्यापिका सगळ्यांना तू म्हणतात. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं.

एप्रिलमधलं ऊन होतं. बऱ्या झाल्यावर बाई पहिल्यांदाच बागेत येऊन बसल्या होत्या. अंगावर शाल, चेहरा अर्धा झालेला. मी कुंपणाच्या अलीकडे खुर्ची टाकली आणि उत्साहाने शाळेचं सांगायला लागलो. कोण बरं झालं, कोणती खिडकी बसत नाही, मारीके आता स्वतः दुसऱ्यांचे कोट अडकवते.

बाईंनी हात वर केला. आवाज जेमतेम फुटत होता.

"कामाचं नको. दुसरं काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. मराठीत बोल म्हणजे झालं."

बाई थांबून थांबून बोलू लागल्या. "श्रीकांत गेल्यापासून घरात मराठी नाही रे. दिवसभर शाळेत डच. इरा रोज फोन करते, बिचारी काळजीने करते, पण डचमध्येच. तिला कळतं, पण बोलायला येत नाही. इतकी वर्षं मला काही वाटलं नाही. परवा ताप चढला होता तेव्हा आई स्वप्नात आली. वाईच्या बाहेर फारशी कधी गेली नाही ती. माझ्या उशाशी बसली, कपाळावर हात ठेवला आणि डच बोलायला लागली. अगदी चांगलं डच. मी म्हणत होते, आई, असं नको ना बोलूस. ती बोलतच राहिली."

त्यांनी शाल नीट केली आणि दुसरीकडे बघितलं.

मी काय बोलणार? मला गोष्टी सांगता येत नाहीत. जे सुचलं ते सुरू केलं. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी रविवारी वडील स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचे, त्याबद्दल. आईला त्या दिवशी आत यायला बंदी. तिने बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचा. पण तिचे कान आत असायचे. फोडणी जळाल्याचा वास आला की पेपरचं पान फडकन उलटायचं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच मी थांबलो तर डोळे न उघडता म्हणाल्या, "पुढे?"

"पुढे काय, एकदा वडिलांनी वांग्याची भाजी बनवली—"

"केली," बाई पुटपुटल्या.

"काय?"

"भाजी बनवत नाहीत रे. करतात."

आणि हसू आलं म्हणून त्यांना खोकला आला. बराच वेळ खोकत राहिल्या. मी उठू लागलो तर हातानेच बस म्हणाल्या. आतून बायकोने खिडकी उघडून मला हाक मारली, जेवण तयार होतं. मी तिला खुणेने थांब म्हटलं आणि खुर्ची कुंपणाच्या जरा जवळ ओढली.

"तर वडिलांनी वांग्याची भाजी केली," मी म्हणालो, "आणि आईने पेपर बाजूला ठेवला..."