गोपीनाथने जन्मात न बघितलेला प्राणी

शांती नगर सोसायटीतला कौस्तुभ दर रविवारी खाडीकाठच्या मुर्धा गावात यायचा, गोपीनाथच्या होडीत बसून गळ टाकायचा आणि वर गोपीनाथलाच मासे शिकवायचा. बोंबलाचं शास्त्रीय नाव काय, भरती का येते, सगळं. खाडीत पन्नास वर्षं काढलेला गोपीनाथ मान डोलवायचा आणि मनातल्या मनात त्याला पाण्यात ढकलून द्यायचा.

त्या रविवारी खाडीच्या तोंडाशी, गोपीनाथच्या हक्काच्या जागेवर, गळाला पांढरट, लिबलिबीत झुबका लागून आला. काचेच्या कोवळ्या काकड्याच जणू. कौस्तुभने मोबाइल रोखला, पण त्यातलं मासे ओळखायचं अ‍ॅप गप्प.

"काका, हे काय?"

माकलाची, म्हणजे हॉटेलवाल्यांच्या स्क्विडची, अंडी. गोपीनाथच्या घरचं मांजरही ओळखेल. पण असा मोका परत कुठला?

"जन्मात बघितला न्हाय असा परानी," गोपीनाथ चेहरा पाडून म्हणाला.

संध्याकाळी ही मस्करी ऐकून घरचे सगळे हसले, त्याची बायको शकू तेवढी हसली नाही.

चार दिवसांनी दोघा नवराबायकोला कौस्तुभच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बोलावणं आलं. टेबलावर काचेच्या टाकीत, कौस्तुभने घरी नेलेला तो झुबका मानाने बसला होता. शेजारी सरकारला लिहिलेला अर्ज: नवी प्रजाती सापडली आहे, तरी त्या जागेवर मासेमारीला कायमची बंदी घालावी. खाली चाळीस सह्या. त्यातल्या एकोणचाळीस जणांनी खाडी फक्त गॅलरीतून पाहिलेली.

ती जागा गेली तर गोपीनाथने जाळं काय स्विमिंग पुलात टाकायचं?

"साहेब, मस्करी केली मी. माकलाची अंडी हायेत ती."

कौस्तुभ कीव आल्यासारखा हसला. "काका, अंदाजाने बोलू नका. हे सायन्स आहे."

शकूला राहवलं नाही. तिने टाकीत हात घालून एक काकडी चिमटीत दाबली. आतून डोळेवाली, इवली इवली माकलं सटासट पाण्यात पळाली. गोपीनाथची छाती फुगली.

कौस्तुभने चष्मा सारखा केला. अर्जातलं 'नवी प्रजाती' खोडून वर लिहिलं, 'माकुळांचं प्रजनन क्षेत्र'. "आता तर बंदी पक्कीच होणार. पुरावाच दिलात तुम्ही." त्याने पेन पुढे केलं. "साक्षीदार म्हणून सही करा, काका."

गोपीनाथने शकूकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" शकू हात पदराला पुसत म्हणाली. "घरी चल, आरसा दाखवते. जन्मात बघितला न्हाय असा परानी त्यात दिसंल."