सुनेचं पद रिक्त आहे

त्या काळी मी तीन ठिकाणी नर्स होते आणि चौथ्या ठिकाणी सून होते. पहिल्या तीन ठिकाणी माझ्या कामाबद्दल समाधान व्यक्त करण्यात येत असे.

सकाळी मी एका मोठ्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात असे. दुपारी डोळ्यांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसून लोकांच्या डोळ्यांत थेंब टाकी. संध्याकाळी नर्सिंग ब्युरो पाठवील त्या घरी जाऊन तिथल्या आजारी माणसाला सांभाळी. लोकांना वाटायचं, बाई हावरट आहे. तसं काही नव्हतं. वॉर्डात उभं राहून पाय सुजत, म्हणून बसून करायचं काम हवं होतं, ते दवाखान्यात मिळालं. दवाखान्यात बसून पाय आखडत, म्हणून चालायचं काम हवं होतं, ते ब्युरोने दिलं. प्रत्येक नोकरी मी आधीच्या नोकरीवरचा उपचार म्हणूनच घेतली होती. शिवाय मला एक खोड होती. कुणी काम दिलं की माझ्या तोंडून आधी "करते" बाहेर पडे आणि काय करायचं ते मी मागाहून विचारी.

अशा सुरळीत व्यवस्थेत सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं, "रोज कुणीतरी हाताला धरून चालवलं पाहिजे. हयगय झाली तर बाई कायमच्या अंथरुणाला खिळतील." 'कुणीतरी' म्हणताना डॉक्टरांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी घड्याळाकडे पाहिलं.

आमचे हे वजनमापं तपासायच्या सरकारी कचेरीत अधिकारी. घरात पाल निघाली तरी हे आधी बैठक बोलावतात. त्याप्रमाणे जेवणाच्या टेबलाशी बैठक झाली.

"प्रश्न मनुष्यबळाचा आहे," हे म्हणाले.

"तुम्ही रजा घ्या की थोडी."

"मी रजा घेतली तर कचेरी बंद पडेल."

ह्यांची कचेरी चालू आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"तुझ्याकडे नोकऱ्या तीन," हे पुढे म्हणाले. "त्यातली एक सोडलीस तरी दोन उरतात. माझ्याकडे एकच. ती सोडली तर शून्य."

हिशोब बिनचूक होता. तराजूवाल्याशी कोण वाद घालणार? सगळ्यात जास्त वेळ खाणारी नोकरी वॉर्डाची, म्हणून तीच सोडायची असं एकमताने ठरलं. एकमत ह्यांचं होतं.

मी मेट्रनबाईंपुढे राजीनामा ठेवला. मेट्रनबाई म्हणजे साऱ्या नर्सांच्या वरच्या. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "मंजूर. पण तुमच्या जागी माणूस येईपर्यंत तुम्हाला सोडता येणार नाही."

"माणूस कधी येईल?"

"जागा रिकामी झाली की."

"आणि जागा कधी रिकामी होईल?"

"तुम्ही गेलात की. असं काय करता, सिस्टर? इतकी वर्षं नोकरी केलीत, एवढंही कळू नये?"

तरी बाई मनाच्या चांगल्या. त्यांनी खास बाब म्हणून बाहेरून बदली नर्स मागवायचं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी मी वॉर्डाच्या कपाटात चादरी लावत होते, तेव्हा माझा फोन वाजला. ब्युरोच्या मालकीणबाई होत्या. त्यांना सगळ्या वहिनी म्हणत.

"सिस्टर, सकाळची एक झकास जागा आलीय. मोठं इस्पितळ आहे. आधीची बाई मधेच सोडून चाललीय म्हणे. करता का?"

"करते," मी म्हणाले.

मग वहिनींनी पत्ता सांगितला. मी त्याच पत्त्यावर उभी होते, हातात चादर घेऊन.

सकाळी तुम्ही कुठे असता, असं वहिनींनी मला कधीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी 'मोकळीच आहे' असंच सांगायचा माझा रिवाज होता. आता दिलेला शब्द मोडायचा कसा? मी मेट्रनबाईंना जाऊन सांगितलं, की बदली आली आहे. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, बाजूला पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "नियमात बसतं. मात्र चार्ज देणारी आणि चार्ज घेणारी, दोघी माझ्यासमोर हव्यात."

"दोघी हजर आहेत."

"मग द्या चार्ज."

मी खणखणीत आवाजात मला चार्ज दिला. खिडकीजवळच्या आजी गोळी जिभेखाली लपवतात आणि पाठ वळली की कुंडीत थुंकतात. सलाईनच्या एका स्टँडचं चाक अडतं, त्याला लाथ मारावी लागते. मोठ्या डॉक्टरांशी त्यांचा चहा व्हायच्या आत काही बोलू नये, झाल्यावरही शक्यतो टाळावं. मी सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं.

"नव्या सिस्टरांना काही शंका?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"एकच. आधीच्या सिस्टर सोडून का चालल्या?"

मेट्रनबाईंनी आवाज खाली आणला. "घरचं काहीतरी कारण सांगितलंय. तुम्ही नव्या आहात म्हणून सांगते, कामाला जरा सुस्तच होत्या हो."

मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. दुसऱ्या क्षणी फार वाईट वाटलं. कुठलं कुणाला वाटलं याची फोड मला अजून करता आलेली नाही.

घरी पुन्हा बैठक झाली.

"म्हणजे तू राजीनामा देऊन त्याच खुर्चीवर रुजू झालीस?" ह्यांनी विचारलं.

"खुर्ची नसते हो तिथे. उभंच राहावं लागतं."

"आतून आईची हाक ऐकू येतेय का?"

"हो, ऐकू येतेय. आलेच हं आई!" मी बसल्या जागेवरून ओरडले आणि ह्यांना म्हणाले, "तुम्ही बोला."

"आता एकच मार्ग," हे म्हणाले. "आईसाठी बाहेरून नर्स ठेवायची. मी बघतो."

हे स्वतः 'बघतो' म्हणाले की ते काम खरोखरच होतं, आणि तिथेच सगळं बिघडतं. ह्यांनी कचेरीतून फोन केला, आणि तिसऱ्या प्रहरी माझा फोन वाजला. मी तेव्हा एका गृहस्थांच्या डोळ्यांत थेंब टाकत होते.

"सिस्टर," वहिनी म्हणाल्या, "संध्याकाळची एक केस आहे. म्हाताऱ्या बाई आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय, रोज चालवायचं. घरात सून आहे, पण तिचा काही भरवसा नाही असं त्यांच्या मुलाने स्वतः सांगितलं."

"कसल्या एकेक बायका असतात!" मी मनापासून म्हणाले. "करते."

मग पत्ता.

संध्याकाळी पांढरा गणवेश घालून मी आमच्याच दाराची घंटा वाजवली. ह्यांनी दार उघडलं.

"अहो, मीच आहे," मी म्हणाले.

"ते दिसतंय," हे म्हणाले. "पण ब्युरोचा नियम आहे. ड्यूटीवर असताना घरच्या माणसांशी खासगी बोलायचं नाही. चपला तिथे काढा, सिस्टर."

लग्न झाल्यापासून ह्यांनी मला प्रथमच 'काढा' म्हटलं होतं. मी चपला काढल्या आणि नीट ओळीत ठेवल्या. सून म्हणून तशा मी कधी ठेवल्या नव्हत्या.

सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पावलांच्या आवाजाने वळल्या. गणवेशाकडे क्षणभर पाहत राहिल्या.

"या, सिस्टर," त्या म्हणाल्या. "बसा. दमला असाल."

त्या घरात मला 'दमला असाल' म्हणणारं माणूस आहे, याची मला कल्पना नव्हती.

मी त्यांना उठवलं, कंबरेला हात दिला, खिडकीपर्यंत नेलं आणि परत आणलं. वाटेत पेशंटशी गप्पा माराव्यात म्हणजे दुखण्यावरून लक्ष उडतं, असं आम्हाला शिकवलेलं असतं.

"घरी कोण कोण असतं, आजी?"

"मुलगा असतो. तो बैठका घेतो. सून आहे, ती नर्स आहे."

"अरे वा! मग तुमची घरातच सोय."

"सोय आहे, पण दुसऱ्यांच्या घरातली. मी हाक मारली की म्हणते, 'आलेच हं आई.' गोड म्हणते हो अगदी. पण त्यानंतर काही होत नाही."

"काही बायका असतातच तशा," मी म्हणाले. पेशंटच्या हो ला हो मिळवायचं, हेही शिकवलेलं असतं.

हा क्रम छान बसला. ड्यूटी संपली की मी बाहेर जाई, चपला घाली, जिना उतरे, पुन्हा चढे आणि सून म्हणून घरात येई. पैशांचंही चोख होतं. हे ब्युरोला देत, ब्युरो आपला वाटा ठेवून मला देई आणि मी ते घरखर्चासाठी ह्यांच्या हातात ठेवी. दर फेरीत ते जरा रोडावत एवढंच. सासूबाई मात्र सुधारत होत्या. खिडकी झाली, दार झालं, गॅलरी झाली. त्या हसू लागल्या, जेवू लागल्या, सिस्टरांसाठी बिस्किटं उशीखाली राखून ठेवू लागल्या.

मला सिस्टरांचा हेवा वाटू लागला. एकदा मी गणवेश उतरवून, साध्या कपड्यांत सासूबाईंच्या दाराशी उभी राहिले आणि विचारलं, "आई, आज कसं वाटतंय?"

"सिस्टरांना सगळं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "त्यांना विचार."

त्याच आठवड्यात ह्यांनी आढावा बैठक घेतली. घरातल्या एकूण पदांची छाननी झाली. सिस्टर नियमित, कार्यक्षम आणि घरात लोकप्रिय. सून अनियमित, तिच्याकडे ठरावीक काम नाही आणि तिच्याबद्दल तक्रारी.

"एक पद जास्तीचं दिसतंय," हे म्हणाले. "मला वाटतं, सुनेचं रद्द करावं."

"माझी हरकत नाही," मी म्हणाले. मलाही ती बाई आवडेनाशी झाली होती.

होता होता हाडांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, हाड उत्तम जुळलंय, बाई आता एकट्या चालू शकतील, नर्सची गरज नाही. वहिनींनी मला कळवलं, आजची शेवटची ड्यूटी. त्या संध्याकाळी मी सासूबाईंना म्हणाले, "चला आजी, आज तुमची तुम्ही चाला. मी नुसती बघते."

त्या उठल्या, पाऊल टाकलं आणि 'आई गं' म्हणून मटकन पलंगावर बसल्या.

मी घाबरले. पाय तपासला, खुबा दाबून पाहिला, गुडघा वाकवून पाहिला. इतक्या वर्षांत खरं कण्हणं आणि खोटं कण्हणं यांतला फरक मला कळू लागला होता.

"आजी, काही दुखत नाहीये तुम्हाला."

"नाही दुखत."

"मग चाला ना."

"चालले की तू जाशील."

त्या 'तू' म्हणाल्या. मी बिस्किटाच्या पुड्याकडे बघत राहिले.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं, आई?"

"अगं, हाड मोडलं होतं माझं, डोळे नव्हते फुटले."

"मग बोलला का नाहीत? मी तर घरातच असते. कुठे जाणार आहे?"

"घरात सून असते," सासूबाई म्हणाल्या. "ती 'आलेच' म्हणते. सिस्टर येते. मला सिस्टर हवी."

यावर आम्हाला काहीही शिकवलेलं नव्हतं. मी बसून राहिले. ड्यूटीची वेळ संपली, तरी बसून राहिले. बाहेरून ह्यांनी दोनदा खाकरून वेळ संपल्याची सूचना दिली.

दुसऱ्या दिवशी, मंजुरीची वाट न पाहता, मी वॉर्डाची नोकरी दोन्ही नात्यांनी सोडली: आधीची सिस्टर म्हणूनही आणि नवी म्हणूनही. चादरींच्या कपाटाची किल्ली परत ठेवायला पोचते तोच वहिनींचा फोन. "सिस्टर, सकाळची एक झकास जागा आलीय. तिथून दोघी एकदम गेल्या म्हणे. करता का?" माझं तोंड उघडलं, 'क' उमटला, पण मी तो गिळला आणि आयुष्यात पहिल्यांदा "नाही" म्हणाले. वहिनींना वाटलं, चुकीचा नंबर लागला.

दवाखान्याची नोकरी मी ठेवली. डॉक्टरांनी माझ्यासाठी नवी खुर्ची घेतली होती, मन मोडवेना. आणि घरची केस ठेवली. सासूबाईंचा पाय अजून अवघडलेला आहे, असं आम्ही दोघींनी ब्युरोला कळवलं. पुढे त्या बाजारापर्यंत एकट्या जाऊन येत, पण संध्याकाळी पलंगावर हजर. मी घंटा वाजवून आत जाई आणि आम्ही दोघी मिळून त्यांच्या सुनेला नावं ठेवत असू. सुनेचं पद तेव्हापासून रिक्त आहे. ते भरायची घाई कुणालाच वाटली नाही.

आता माझंही वय झालंय. पाय ठणठणीत आहेत, पण हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

तुम्ही हसलात, माझी काही तक्रार नाही. सासूबाईही खूप हसत. फक्त मघाशी, तुम्ही हे वाचत असताना, आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "आलोच, एवढं पान संपवतो."

पान संपलं.