चन्नवीरचा बिल्ला आणि छातीचा फोटो

चन्नवीरसारखा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नाही, असं निदान चन्नवीरचं तरी ठाम मत होतं! कारण त्याच्या छातीवर बिल्ला होता. त्र्याहत्तर साल होतं. बिल्ले काय, हमालांनाही असायचे. पण दर महिन्याला मुंबईला जाऊन तपासला जाणारा बिल्ला होता कुणाकडे?

डॉक्टर देगावकरांच्या दवाखान्यात तो एक्स-रे काढायचा. बिल्ल्यात फिल्मचा एक तुकडा असे. काम करणाऱ्याच्या अंगावर किती किरणं पडली, ते त्या तुकड्यावरून मुंबईची माणसं मोजायची. डॉक्टरांनी हे त्याला घसा बसेपर्यंत समजावलं होतं. पण नुसतं 'मोजतो' म्हणण्यात कसला आलाय रुबाब? चन्नवीर सांगायचा, "ह्यो असला की किरणं अंगाला शिवत न्हाईत!"

एके दिवशी वैरागचे किराणा व्यापारी महादेवप्पा खोकला घेऊन आले. एक्स-रे हा शब्द डॉक्टरांचा. बाकी सगळे 'छातीचा फोटो' म्हणायचे. फोटोसाठी गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढावी लागेल, एवढं ऐकताच महादेवप्पा ताडकन उठले.

"अंगावरचं लिंग उतरवू? डोस्कं फिरलंय काय?"

चन्नवीर स्वतः लिंगायत. "उतरवू नगासा अप्पा, मुठीत धरा की."

त्यांनी डबी मुठीत धरली खरी, पण मोकळ्या छातीनं त्या यंत्रापुढं उभं राहायचा धीर होईना. "तुला बिल्ला हाय. मला काय हाय?"

चन्नवीरनं क्षणभर विचार केला. त्याहून जास्त वेळ त्याला कधी जमलाच नव्हता! मग बिल्ला काढून त्यानं ताईत बांधावा तसा दोऱ्यानं त्यांच्या दंडाला बांधला आणि फोटो काढला.

महादेवप्पांनी बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना ही हकिगत रंगवून सांगितली. मग काय! "आमाला बी बांधा की!" पोट असो, गुडघा असो, कंबर असो, जो फोटो निघेल तो बिल्ल्यासकट. आणि महादेवप्पांना पोरगा इतका पसंत पडला की, त्यांनी आपली लेक महादेवी त्याला देऊ केली. सुपारीही फुटली. चन्नवीरनं तिला एकदाच पाहिलं, पण तेव्हापासून त्याला जेवण गोड लागेना.

आणि मुंबईहून कागद आला. डॉक्टरांनी तो वाचला आणि पाणी मागवलं.

"अरे, एवढी किरणं! तू उभा कसा राहतोस?" त्यांनी चन्नवीरचे केस ओढून पाहिले. एकही केस गळला नाही, चन्नवीर मात्र बोंबलला. मग त्याचं रक्त काढलं आणि एक्स-रेच्या खोलीला कुलूप ठोकलं.

चन्नवीरला कारण लगेच उमगलं. खरं सांगावं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की महादेवी जाणार. गप्प बसावं तर तो आजारी ठरणार, आणि आजारी माणसाला महादेवी देतंय कोण?

वॉर्डबॉय येडूनं त्याला फार विचार करू दिला नाही. स्टँडवर वैरागच्या गाडीपाशी उभं राहून त्यानं जाहीर केलं, "चन्नवीरच्या अंगात लाइट भरलीया! अंधारात चमकतंय गडी!"

दुसऱ्या दिवशी महादेवप्पा दवाखान्यात हजर! मागोमाग महादेवी, कारण ती घरी थांबायला तयारच नव्हती.

"पोरगं अंधारात बघायचं हाय," महादेवप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. शेवटी फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत चन्नवीरसकट चौघंही शिरली आणि दार लागलं.

"चमकतंय का?" महादेवप्पांचा आवाज.

"कुटं काय चमकतंय?" महादेवीचा आवाज. "नुसता हात गार पडलाय त्येंचा."

"तुला गं कसं कळलं?"



तिनं हात अजून सोडला नव्हता. चन्नवीरचा ऊर भरून आला. या पोरीशी खोटं बोलायचं? जमायचं नाही! त्यानं डोळे मिटले, अंधारात त्याची गरज नव्हती तरीही, आणि सगळं ओकून टाकलं. कुणाकुणाच्या दंडाला बिल्ला बांधला, तेही सांगितलं.

दार उघडलं तेव्हा डॉक्टर लालबुंद झाले होते. "गाढवा! बिल्ला किरणं अडवत नाही, मोजतो! ती सगळी पेशंटांची किरणं तुझ्या नावावर लागली! चालता हो, आजपासून..."

"दमा डॉक्टर," महादेवप्पा चाचरत म्हणाले. "पैल्यांदा मीच मागितला बिल्ला. म्हंजे त्या कागदात माझं बी थोडं हाय?"

"आहे तर!"

"मग त्येला एकट्याला काडू नगासा. काडायचंच तर मला बी काडा."

किराणा व्यापाऱ्याला दवाखान्यातून काढायचं कसं, हे डॉक्टरांना सुचेना, आणि त्यांना हसू फुटलं. पोरगा धडधाकट आहे, हाच मोठा आनंद होता. नोकरी राहिली. मग डॉक्टरांनी महादेवप्पांना समोर बसवलं आणि चहा गार होईपर्यंत समजावलं, की बिल्ला म्हणजे ताईत नव्हे, आणि एका फोटोनं कुणाला काही होत नाही. महादेवप्पा मान डोलावत राहिले. "कळलं की! न कळायला काय झालं?"

लग्न थाटात लागलं. नवरा-नवरी खुर्च्यांवर बसली, महादेवप्पा शेजारी बसले आणि डॉक्टर मागं उभे राहिले. फोटोग्राफरनं काळ्या कापडात डोकं घातलं आणि आतून ओरडला, "हलू नका! छातीपर्यंतचा फोटो काढतोय!"

महादेवप्पा ताडकन उठले.

"ए, थांब! जावईबापू, बिल्ला कुटं हाय?"