सुंदराबाईंना ताप नाही

सुंदराबाई तांबे यांचे जठर अखेर कापून काढावे लागले. तथापि, साथीच्या काळात परळच्या ज्या रुग्णालयात त्या जात, तेथे एकही गाठ वाढल्याची नोंद नाही. गाठी मोजणेच बंद होते, आणि जे मोजले नाही ते वाढत नाही, असे धोरण आहे. तेव्हा हे जठर जागेवरच आहे असे समजून पुढील मजकूर वाचावा.

साथ यायच्या थोडे आधी सुंदराबाईंना जेवल्यावर जळजळ होऊ लागली. डॉ. श्यामकांत विजयकर यांनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिले. जठराच्या अस्तरावर तुरीच्या दाण्याएवढी गाठ होती. कॅन्सरचीच, पण नुकतीच धरलेली.

"नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले. "दुर्बिणीतूनच सोलून काढतो. पोटाला टाका नाही. दोन दिवसांत पेज पिऊन घरी."

"आणि राहिली तर?"

"राहू कशाला द्यायची? राहिली तर खोल जाते. मग पोट उघडून जठरच कापावं लागतं."

तारीख मिळाली. मग टाळेबंदी आली.

रुग्णालयाने सर्व आजारांची दोन गटांत विभागणी केली: तातडीचे आणि थांबू शकणारे. गाठ लहान, त्याअर्थी ती थांबू शकते, असे ठरले. गाठीचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद नव्हती. दुर्बीण कपाटात गेली. जपानात जाऊन ही विद्या शिकून आलेले डॉ. विजयकर रिकामे झाले, म्हणून त्यांना फाटकावर उभे करून हातात ताप मोजायची बंदूक देण्यात आली. त्यामुळे सुंदराबाई मुलाला, म्हणजे राजरत्नला, घेऊन आल्या तेव्हा त्यांची गाठ काढू शकणाऱ्या एकमेव माणसानेच त्यांना फाटकावर अडवले.

"ताप नाही," डॉक्टर बंदूक पाहून म्हणाले. "आत घेता येणार नाही. सध्या फक्त तापाचे पेशंट."

"अहो डॉक्टर, ओळखलं नाय काय? मी गाठवाली."

"ओळखलं ना. कशी आहे गाठ?"

"ते तुम्ही बघून सांगायचं!"

"मी सध्या कपाळच बघतो."

माय-लेक लालबागला आपल्या चाळीत परतली. चाळीच्या तोंडाशी कमिटीचे सेक्रेटरी कोंडीराम तशीच बंदूक घेऊन उभे होते. तीही कपाळाला लागली.

"ताप नाही," कोंडीराम गंभीर झाले.

"बरंय मग," राजरत्न म्हणाला.

"बरं कसलं, येड्या? हॉस्पिटलात जाऊन आले नि ताप नाय? लक्षणं नसलेलेच जास्त डेंजर. टीव्हीवर सांगतायत. मावशी, राग मानू नका हां."

मावशींनी राग मानायच्या आत त्यांच्या दारावर आडवा बांबू बांधण्यात आला. बांबूचे एक टोक कोंडीराम यांनी धरले होते. दुसरे टोक धरणाऱ्यांची नावे सौजन्य म्हणून येथे दिलेली नाहीत. याच हातांनी थोड्याच दिवसांपूर्वी डॉक्टरांसाठी थाळ्या वाजवल्या होत्या, एवढे नमूद करणे पुरे.

बांबू निघाला तेव्हा राजरत्नला नियम नीट समजला होता.

"आये, तू ताप आण."

"कुठून आणू? रेशनवर मिळतो?"

रुग्णालयाच्या फाटकाच्या आडोशाला त्याने पदरात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली आईच्या कपाळावर दाबून धरली. बंदूक केकाटली.

"एकशे दोन!" डॉक्टरांचे डोळे मास्कच्या वर पाणावले. "अभिनंदन, सुंदराबाई! या, आत या."

आत त्यांना थेट संशयितांच्या वॉर्डात नेले.

"दुर्बीण कधी घालणार?" त्यांनी सिस्टरला विचारले.

"तापवाल्यांना दुर्बीण नाही, आजी. तोंडातून विषाणू उडतो."

"अगं, पण माझा ताप खोटाय."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

प्रश्न रास्त होता. बाईंना घरी सोडण्यात आले. बांबू दाराशीच उभा होता.

पुढे साथ ओसरली. दुर्बीण कपाटातून बाहेर आली आणि डॉक्टर फाटकावरून आत. त्यांनी पाहिले. तुरीच्या दाण्याची फणसाची आठळी झाली होती, आणि ती खोल रुतली होती.

"काढा की मग," सुंदराबाई म्हणाल्या.

"मी फक्त सुरुवातीच्या काढतो, बाई. ही आता सर्जनकडे. तातडीने."

"सुरुवातीची होती तेव्हा तुमचं हॉस्पिटल म्हणालं, थांबेल."

"थांबायला हवी होती," डॉक्टर म्हणाले, आणि सवयीने त्यांचा हात बाईंच्या कपाळाकडे गेला. "ताप नाही."

परवा चाळीत सत्कार झाला. साथीत चाळ राखल्याबद्दल कोंडीराम यांना शाल मिळाली. प्रमुख पाहुणे डॉ. विजयकर. सुंदराबाईंनाही पेढा देण्यात आला. त्यांनी त्यातला चिमूटभर खाल्ला आणि उरलेला पदराला बांधला. आता तेवढेच मावते.

"मावशी, दोन शब्द बोला की," कोंडीराम म्हणाले.

"बांबू कुठाय?"

"जपून ठेवलाय हां. परत कधी लागला तर."

सबब, सुंदराबाई तांबे यांचे जठर होते तेवढे, होते तेथे परत बसवून मिळावे. आणि बांबूचे दुसरे टोक धरणाऱ्यांनी, म्हणजे आपण, हा मजकूर वाचून झाल्यावर स्वतःहून पुढे येऊन आपले नाव सांगावे, ही नम्र विनंती.